जेम्स मिलच्या घरातली शाळा

आजचा विषय कळल्यावर दोघातिघांनी मला विचारलं, की तुम्ही तत्त्वज्ञानाचे माणूस, हे घरच्या शिक्षणाचं प्रकरण तुमच्याकडे कुठून आलं? सांगतो. आमच्या सोसायटीत एक जोडपं राहतं. त्यांची मुलगी अकरा वर्षांची आणि मुलगा सात वर्षांचा. दोघांना त्यांनी शाळेतून काढलंय, घरीच शिकवायचं ठरवलंय. एका संध्याकाळी दोघं माझ्याकडे आले ते कागदांचा गठ्ठा घेऊनच. मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचे तिसरी, पाचवी, आठवीच्या तोडीचे तीन टप्पे, एक परदेशी अभ्यासक्रम, आणखी कुणीतरी पुण्यात तयार केलेला एक. अडचण अशी, की दोघांना मिळून एकच घ्यावा तर धाकट्याला झेपत नाही, आणि दोन वेगळे घ्यावेत तर आईचा दिवस पुरत नाही. बोलता बोलता बाई म्हणाल्या, "सर, नाहीतर असं करू का, मी मोठीला शिकवते आणि मोठी धाकट्याला शिकवेल. तिचीही उजळणी होईल."

मी म्हटलं, थांबा. हे एका माणसानं करून पाहिलेलं आहे, आणि ज्याच्यावर करून पाहिलं त्यानं त्याचा निकालही लिहून ठेवलाय.

तो माणूस म्हणजे जेम्स मिल. आपल्याकडे त्याची ओळख वेगळ्या कारणासाठी आहे. हिंदुस्थानात पाऊलही न ठेवता, इथली एकही भाषा न शिकता ज्यानं ब्रिटिश हिंदुस्थानचा इतिहास लिहिला, आणि आपल्या संस्कृतीला ज्यानं फार खालची पायरी दिली, तोच हा. १७७३ सालचा जन्म, स्कॉटलंडमधल्या एका चांभाराचा मुलगा. एका सरदाराच्या आश्रयानं एडिंबरोत शिकला, धर्मोपदेशक व्हायची परवानगी मिळवली, त्यात काही जमलं नाही म्हणून १८०२ साली लंडनला आला आणि नियतकालिकांत लिहून पोट भरू लागला. १८०५ साली लग्न केलं. २० मे १८०६ या दिवशी पहिला मुलगा झाला, जॉन स्टुअर्ट. त्याच वर्षी त्यानं तो हिंदुस्थानचा इतिहास लिहायला घेतला. तीन वर्षांत होईल असा अंदाज होता, लागली जवळजवळ बारा. आणि या काळात घरात मुलं वाढत होती. एकूण नऊ झाली.

आता हे चित्र डोळ्यासमोर आणा. पगार नाही. लिहिलं तर पैसे. आणि मुलांना शाळेत घालायचं नाही हा निश्चय. म्हणजे वेळेची जी ओढाताण आमच्या सोसायटीतल्या बाईंना होते आहे, तीच मिलला होत होती, फक्त मुलं जास्त होती.

थोरल्याचा अभ्यासक्रम जगप्रसिद्ध आहे, तो मी भराभर सांगतो. तिसऱ्या वर्षी ग्रीक. बापानं ग्रीक शब्द आणि त्यांचे इंग्रजी अर्थ कार्डांवर लिहून दिले आणि पोरगा ते पाठ करू लागला. मग इसापाच्या गोष्टी, ग्रीकमधून. (आपल्याकडे सदाशिव काशीनाथ छत्र्यांची 'इसपनीति' पुढे १८२८ साली छापून आली, तीही मुलांना शिकवण्यासाठीच. इसाप कुठे कुठे मास्तरकी करून आला बघा.) मग झेनोफन, सगळा हिरोडोटस, आणि सातव्या वर्षी प्लेटोचे सहा संवाद. त्यातला 'थिएटेटस' मी विद्यापीठात पदव्युत्तर वर्गाला शिकवत असे आणि तिथंही अर्धा वर्ग हरवायचा. पुढे मिल स्वतःच म्हणाला, की तो संवाद वगळला असता तर बरं झालं असतं, कारण तो मला समजणं अशक्यच होतं.

मला यातला सगळ्यात बोलका भाग वाटतो तो टेबलाचा. बाप आणि मुलगा एकाच खोलीत, एकाच टेबलाशी बसत. बाप हिंदुस्थानचा इतिहास लिहितोय, पोरगा ग्रीक वाचतोय. तेव्हा ग्रीक-इंग्रजी शब्दकोश नव्हता, ग्रीक-लॅटिन होता, आणि पोराला लॅटिन येत नव्हतं. म्हणजे अडलेला प्रत्येक शब्द बापाला विचारायचा. जेम्स मिल हा अत्यंत तापट, उतावळा माणूस. पण त्यानं हा व्यत्यय वर्षानुवर्षं सहन केला. त्या व्यत्ययातच ते जाडजूड खंड लिहून झाले. ज्यांना मिलच्या इतिहासाचा राग येतो, मलाही येतो, त्यांनीसुद्धा ही गोष्ट त्याच्या नावावर जमा करावी.

सकाळी न्याहारीच्या आधी दोघं फिरायला जात, हॉर्न्सीच्या बाजूला, हिरव्या वाटांनी. आदल्या दिवशी जे वाचलं त्याची टिपणं पोरगा कागदाच्या चिटोऱ्यांवर करून ठेवायचा आणि चालता चालता त्यांवरून बापाला हकिकत सांगायचा. ह्यूम, गिबन, रॉबर्टसन, सगळं असं वाटेवर सांगून झालं. उलट संध्याकाळी अंकगणित असे, आणि ते त्याला मुळीच आवडत नसे. या दोन गोष्टी जरा लक्षात ठेवा, फिरणं आणि अंकगणित.

आता आपल्या विषयाकडे येऊ. आठव्या वर्षी जॉनचं लॅटिन सुरू झालं. ते सुरू झालं तेच पाठच्या बहिणीला घेऊन. जॉननं स्वतः शिकायचं, शिकता शिकता बहिणीला शिकवायचं, आणि बहिणीनं तो धडा जाऊन वडिलांना म्हणून दाखवायचा. मग दुसरी बहीण आली. मग पुढची भावंडं एकेक करून या रांगेत येत गेली. दिवसाचा बराचसा वेळ त्याचा या मास्तरकीत जाऊ लागला. आणि यातली खरी मेख अशी, की बहिणींचा धडा कच्चा निघाला तर जबाबदार जॉन. स्वतःच्या धड्याला जेवढा, जवळपास तेवढाच.

हे जेम्स मिलला सुचलं कसं? वेळ वाचवायला, हे उघड आहे. पण त्याच्यामागे एक सिद्धांतही होता, आणि इथं मला माझ्या विषयात जरा शिरू द्या. लॉक, हार्टली, हेल्व्हेशियस यांच्या परंपरेतला हा माणूस. मन हे जन्मतः जवळपास कोरं असतं, अनुभव आणि कल्पना एकमेकींना जोडल्या जाऊन ते घडतं, आणि माणसामाणसांतला मोठा फरक हा शिक्षणाचा फरक असतो, असं तो मानायचा. 'एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका'च्या पुरवणीसाठी त्यानं शिक्षणावर लेख लिहिला त्यात हेच आहे. आता हे एकदा मान्य केलं की भावंडांच्या पातळ्या वेगळ्या असण्याला अर्थ काय उरतो? एवढाच, की थोरला जिन्याच्या दहाव्या पायरीवर आहे आणि धाकटी चौथ्या. जिना तोच. मग वेगळ्या अभ्यासक्रमाचा प्रश्नच येत नाही. दहाव्या पायरीवरच्यानं चौथीवरच्याला हात द्यायचा, झालं. गंमत म्हणजे थोरल्याचाही यावर विश्वास होता. माझी जन्मजात बुद्धी सरासरीच्या वर नाही, खालीच आहे, आणि मी जे केलं ते कुणीही धडधाकट मुलगा किंवा मुलगी करू शकेल, असं त्यानं म्हातारपणीही म्हटलंय. वाचताना हसू येतं. पण तो ते विनयानं म्हणत नव्हता, ते त्याचं मत होतं.

दुसरी गोष्ट त्या काळाच्या हवेत होती. अँड्र्यू बेल नावाचा एक पाद्री मद्रासला एग्मोरच्या अनाथालयात अधीक्षक होता. गोऱ्या शिपायांची मुलं तिथं असत. जवळच्या एका गावठी शाळेत मुलं वाळूत बोटानं अक्षरं गिरवताना त्यानं पाहिली आणि आपल्या मास्तरांना म्हणाला, असं शिकवा. मास्तरांना ते कमीपणाचं वाटलं. तेव्हा बेलनं आठ वर्षांच्या एका मुलालाच, जॉन फ्रिस्केन त्याचं नाव, धाकट्यांना मुळाक्षरं शिकवायला बसवलं. ते जमलं. त्यावरून मोठ्या मुलानं लहान मुलाला शिकवण्याची एक पद्धतच उभी राहिली. १७९७ साली बेलनं लंडनमध्ये त्यावर पुस्तक छापलं, आणि जोसेफ लँकेस्टर या क्वेकरानं साउथवर्कमधल्या आपल्या शाळेत ती शेकड्यांनी मुलांवर चालवून दाखवली. एक मास्तर, बाकी सगळे मुलगेच. आपल्या पंतोजींच्या शाळेत वेगळं काय चालायचं? ओसरीवर सगळ्या वयाची पोरं एकत्र, कुणी धुळपाटीवर अक्षरं गिरवतोय, कुणी मोडीचा कित्ता, कुणी पावकी-निमकी म्हणतोय, आणि पंतोजी कुणाच्या तरी घरी गेले असतील तर थोरला पोरगाच वेताची छडी घेऊन बसलेला. पुढे एल्फिन्स्टनच्या काळात, १८२२ साली, मुंबईत शाळापुस्तक मंडळी निघाली, तेव्हा हीच पद्धत लँकेस्टरच्या नावानं विलायतेहून परत आली. आपलीच वस्तू जकात भरून घ्यावी तसं झालं!

जेम्स मिल हा लँकेस्टरच्या बाजूचा कडवा कार्यकर्ता. १८१२ साली त्यानं त्या वादात एक पुस्तिकाही लिहिली, शाळा सर्वांसाठी हव्यात, केवळ चर्चच्या मंडळींसाठी नकोत, अशी. गरिबांच्या हजारो मुलांसाठी, जिथं मास्तरच नाहीत तिथं, ही पद्धत म्हणजे मोठाच दिलासा होता, हे मी मान्य करतो. पण मिलनं ती घरात आणली.

घरात तिचं काय झालं याचा एक डोळ्यांनी पाहिलेला पुरावा आहे. १८१७ च्या उन्हाळ्यात मिल कुटुंब बेंथमबरोबर फोर्ड ॲबी नावाच्या मोठ्या जुन्या वाड्यात राहत होतं. बेंथमनं तो भाड्यानं घेतला होता. तिथं फ्रान्सिस प्लेस पाहुणा म्हणून गेला. हा चॅरिंग क्रॉसचा शिंपी, स्वतःच्या हिमतीवर वर आलेला, पुढारी माणूस. तिथून त्यानं बायकोला पत्रं लिहिली. त्यात दिवसाचा क्रम आहे. पहाटे बाप आणि जॉन इतिहासाची मुद्रितं तपासतात. ते झालं की जॉन बहिणींना घेऊन बसतो. न्याहारीनंतर वाड्याच्या पुढच्या बाजूला येरझाऱ्या घालत बाप धडे ऐकतो, सगळं मोठ्यानं, एक वाजेपर्यंत. आणि मग एके दिवशीची हकिकत. विली आणि क्लारा, म्हणजे विल्हेल्मिना आणि क्लारा, या दोघींचे धडे नीट झाले नाहीत. एक वाजता वर गेलेलं त्यांचं जेवण खाली परत आलं. तीन वाजलेत, मुली पुस्तकाशी झगडतायत. जॉनलाही जेवण नाही, कारण धडा येत नसताना त्यानं त्यांना पास केलं. सहा वाजेपर्यंत कुणालाही काही मिळणार नाही. आणि चूक काय? एका शब्दाची. प्लेस लिहितो की मी आल्यापासून असं हे दुसऱ्यांदा झालं. प्लेस मिलचा मित्र होता, चाहता होता, मिलइतका कष्टाळू माणूस पाहिला नाही असंही तो त्याच पत्रात म्हणतो. म्हणून ही साक्ष मला महत्त्वाची वाटते.

जॉन तेव्हा अकरा वर्षांचा होता. त्यानं बहिणींना पास का केलं असेल? प्लेस सांगत नाही, जॉनही कुठं सांगत नाही. कंटाळला असेल. स्वतःचा अभ्यास पडला असेल. किंवा बहिणी रडकुंडीला आल्या असतील आणि भावाला जे वाटतं ते त्याला वाटलं असेल. तिसरी शक्यता खरी असेल तर बघा काय झालं. भाऊ म्हणून जे केलं त्याची शिक्षा मास्तर म्हणून मिळाली. पुढच्या वेळी तो काय करेल? कडक होईल. दुसरं काय करणार.

आता त्याचा स्वतःचा निकाल. आत्मचरित्र १८७३ साली, त्याच्या मृत्यूच्या वर्षी, छापलं गेलं. त्यात तो या मास्तरकीचा एक फायदा सांगतो. जे शिकवावं लागलं ते पक्कं झालं, जास्त काळ टिकलं, आणि अवघड गोष्ट दुसऱ्याला समजावून देण्याची थोडी सवय झाली असेल. म्हणजे आमच्या बाईंची उजळणीची कल्पना चुकीची नव्हती. पण पुढे तो साफ सांगतो, की मुलांनी मुलांना शिकवण्याच्या पद्धतीला माझा बालपणीचा अनुभव अनुकूल नाही. शिकवणं म्हणून ते कुचकामाचं होतं. आणि शिकवणारा-शिकणारा हे नातं दोघांच्याही वळणाला चांगलं नाही. हे कोण म्हणतंय लक्षात घ्या. बापाच्या शिक्षणपद्धतीचं त्या पुस्तकात त्यानं पानोपानी समर्थन केलंय. बापानं नुसतं पाठांतर होऊ दिलं नाही, जे विचार करून सापडेल ते मी पुरता थकल्याशिवाय सांगितलं नाही, याचं त्याला फार मोल होतं. त्या बाबतीत तो कृतज्ञ आहे. भावंडांच्या बाबतीत नाही.

मिलचं चरित्र सांगणारे बहुतेक लोक इथून सरळ १८२६ सालच्या त्याच्या मानसिक संकटावर उडी मारतात, आणि म्हणतात, बघा, हे त्या शिक्षणाचं फळ. मला ते घाईचं वाटतं. त्या संकटाची त्यानं दिलेली कारणं वेगळी आणि जास्त खोल आहेत, त्यावर आपण स्वतंत्र बोलू. माझं लक्ष विलीकडे आणि क्लाराकडे जातं. आत्मचरित्रात त्यांची नावंही धड येत नाहीत. आईचा तर छापील पुस्तकात उल्लेखच नाही, नऊ मुलांच्या आईचा. त्या घरात थोरल्यासाठी एक अभ्यासक्रम होता, आणि धाकट्यांसाठी थोरला होता.

आता दुसऱ्या एका घरात जाऊ, थोडा वेळच. आयर्लंडमध्ये लाँगफर्ड परगण्यात एजवर्थस्टाउन नावाचं गाव आहे. तिथं रिचर्ड लव्हेल एजवर्थ हा जमीनदार राहायचा. यंत्रांचा नादी, चार लग्नं, बावीस मुलं. थोरल्या मुलाला त्यानं रूसोच्या 'एमिल'बरहुकूम वाढवलं, अगदी पॅरिसला नेऊन रूसोला दाखवूनही आणलं. प्रयोग फसला. मुलगा कुणालाच आवरेना, शेवटी समुद्रावर गेला. पण या माणसाचा मोठेपणा असा, की फसलं म्हटल्यावर त्यानं सिद्धांत बाजूला ठेवला. त्याची दुसरी बायको ऑनोरा हिनं मुलं काय विचारतात, कशावर अडतात, काय उत्तर देतात हे वहीत टिपून ठेवायला सुरुवात केली. पुढे १७९८ साली एजवर्थ आणि त्याची मुलगी मरायाह यांनी 'प्रॅक्टिकल एज्युकेशन' हे दोन खंडांचं पुस्तक काढलं, त्याच्या पायाशी अशा घरच्या नोंदी आहेत.

मरायाह ही पहिल्या बायकोची मुलगी, पुढे मोठी कादंबरीकार झाली. तिच्यावरही धाकट्या भावंडांचं शिकवणं पडलं होतं. हेन्री नावाचा सावत्र भाऊ तर तिच्याकडेच सोपवलेला. म्हणजे थोरल्यानं धाकट्याला शिकवणं हे दोन्ही घरांत होतं! मग फरक कुठे? मरायाह गोष्टी लिहायची त्या आधी पाटीवर. पाटीवरून भावंडांना वाचून दाखवायची. त्यांना आवडली, समजली, तर कागदावर उतरायची. नाहीतर पाटी पुसायची. त्यातूनच १७९६ चं 'द पेरेंट्स असिस्टंट' हे पुस्तक झालं. मिलच्या घरात धाकटीची चूक थोरल्याच्या ताटावर जायची, इथं धाकट्यांना कळलं नाही तर थोरलीचं लिखाण बदलायचं. शिवाय मरायाह तेव्हा मोठी होती, आठ वर्षांची नव्हती, हेही विसरून चालणार नाही. त्या घरातही सगळं आलबेल नव्हतं. मुलं गेली, क्षयानं गेली. पण धडा चुकला म्हणून उपाशी बसलेली मुलं त्या घराच्या हकिकतींत मला भेटली नाहीत. आणि एक गंमत. लहानग्या जॉन मिलला मुलांची पुस्तकं फार थोडी मिळाली, 'रॉबिन्सन क्रूसो' त्याचं जीव की प्राण, आणि बापानं जी काही थोडी उसनी आणून दिली त्यांत याच मिस एजवर्थच्या 'पॉप्युलर टेल्स' होत्या.

त्या जोडप्याला मी काय सांगितलं ते सांगतो आणि थांबतो, कारण प्रश्नांना वेळ ठेवायचाय. मी म्हटलं, फिरणं आणि अंकगणित वेगळं काढा. काही विषयांना खरोखरच जिना असतो. भागाकार आल्याशिवाय अपूर्णांक येत नाहीत. तिथं दोघांना दोन वेगळी पुस्तकं घ्या, पैसे वाचवू नका, आणि वेळ कमी पडत असेल तर दोघांचाही वेळ कमी करा, रोज अर्धा-अर्धा तास पुरे. पण इतिहास, गोष्टी, झाडं-पाखरं, नकाशे, यांना जिना नसतो. तिथं एकच काहीतरी घ्या, मोठीच्या तोडीचं, आणि जेम्स मिलसारखे चालायला जा, फक्त दोघांना घेऊन. सात वर्षांच्या मुलाला त्यातलं निम्मं कळेल. कळू दे निम्मंच. त्यानं काय सांगितलं ते वहीत टिपा, ऑनोरासारखं. मोठीला धाकट्याला वाचून दाखवू दे, गोष्ट रचून सांगू दे. त्याचा धडा तपासायचं काम मात्र तिच्याकडे देऊ नका. ते तुमचं.

नवरा हिशोबी होता. तो म्हणाला, "म्हणजे सर, दीड अभ्यासक्रम." मी म्हटलं, हो, तसंच काहीसं. बाई मात्र जरा गप्प होत्या. मग म्हणाल्या, की मोठी त्याला आधीपासूनच शिकवतेय, दोन महिने झाले, आणि परवा त्याला पाढा येत नव्हता तर तिनं त्याचा चेंडू काढून घेतला. मी विचारलं, मग तुम्ही काय केलंत? त्या म्हणाल्या, "मला तर बरंच वाटलं होतं, शिस्त लावतेय म्हणून."

हं, घ्या प्रश्न.